आमच्या म्हणजे कुणाच्या?

"मग तू तिला काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

देवदाननं हातातल्या टॉवेलची घडी नीट केली.

"मला तिच्याकडून कळलंय. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"म्हणालो..." त्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. "म्हणालो, आमची प्रार्थना आमच्या माणसांसाठी असते."

बाई सुपात मटकी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

मी तिथेच ओसरीवर त्यांच्या बाजेचं सुंभ आवळत होतो. मी सत्यवान. बोरखेडीच्या चर्चची घंटा वाजवतो, झाडलोट करतो, आणि वस्तीत कुणाचं काही मोडलं की बोलावणं मलाच येतं. दुपारचे बारा वाजून गेले होते. ऊन नुसतं मी म्हणत होतं.

सगुणाबाई चक्रनारायण म्हणजे आमच्या बाई. चाळीस वर्षं त्या बायबलबाई होत्या. पायी वाड्यावस्त्या हिंडायच्या, बायकांना वाचायला शिकवायच्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसायच्या, येशूची गोष्ट सांगायच्या. आता वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेले, नजर अधू झाली, राग मात्र जसाच्या तसा. त्यांच्यापुढे भलेभले पाळकसाहेब टरकून असत.

देवदान अमोलिक हा त्यांचाच विद्यार्थी. शिमोन सुताराचा मुलगा. शहरातल्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात तीन वर्षं शिकून आलेला. येत्या रविवारी त्याला पाळकाची दीक्षा मिळायची होती. बिशपसाहेब येणार म्हणून चर्चपुढे मांडव पडला होता.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. ज्यानं तुम्हाला पहिल्यांदा प्रार्थना शिकवली, त्याचा हात दीक्षेआधी डोक्यावर घ्यायचा. देवदान त्यासाठीच आला होता. नवा पांढरा सदरा, आणि गुडघे टेकायला सोबत घडी केलेला टॉवेल. बाईंच्या ओसरीची जमीन शेणानं सारवलेली असते, हे त्याला ठाऊक होतं.

"ती कुठे उभी होती?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

"तारा. आबाजींची सून. दुसरं कोण आलं होतं काल तुझ्याकडे?"

"पायरीखाली."

"पायरीवर का नाही?"

"मी काय तिला अडवलं होतं? तीच वर आली नाही."

"चपला?"

"काय?"

"चपला घालून होती की काढून?"

"...काढून."

"किती वाजले होते?"

"एक वाजला असेल."

"फरशी तापली होती?"

"बाई, तुम्ही फौजदारासारखं काय विचारताय?"

"पाणी विचारलंस तिला?"

मी सुंभ ओढायचा थांबलो. आमच्या भागात उन्हातून आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखंच. भांडायला आलेल्यालाही आम्ही आधी तांब्या देतो.

देवदाननं चष्मा घातला. 

"नाही विचारलंस." बाईंचा आवाज चढला. "वरच्या आळीपासून खाली वस्तीपर्यंत बाई चालत आली. चपला काढून उभी राहिली. सासऱ्यासाठी प्रार्थना मागितली. आणि तू, परवा पाळक होणारा, तिला घोटभर पाणी नाही विचारलंस!"

"आणि माझ्या बापाला कुणी विचारलं होतं?"

देवदान ओरडलाच. बाईंच्या ओसरीवर इतक्या मोठ्यानं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"बोला ना बाई! माझ्या बापाला कुणी पाणी विचारलं होतं?"



गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची आहे. दुष्काळात आमच्या वस्तीचा झरा आटला. पाणी उरलं ते वरच्या आळीतल्या विहिरीला. आम्ही विहिरीपासून दहा पावलं लांब ओळीनं बसायचो. वरच्या आळीतला कुणीतरी पाणी शेंदायचा आणि उंचावरून ओतायचा. घागर असेल तर घागरीत, नसेल तर ओंजळीत. त्याचा पोहरा आमच्या भांड्याला लागता कामा नये. त्यात अर्धंअधिक पाणी मातीत जायचं.

एके दिवशी ओतायला कुणी येईनाच. सकाळची दुपार झाली. शेवटी शिमोन उठला आणि त्यानं रहाटाला हात घातला. तेवढ्यात वरच्या आळीतल्या आबाजींनी हातातल्या दांडक्यानं तो हात ठेचला. उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. सुताराची बोटं! पुढे तो डाव्या हातानं जमेल तेवढं करायचा. हे बाज आवळायचं काम मला त्यानंच शिकवलं, डाव्या हातानं.

तक्रार कुणी केली नाही. करणार कोण आणि ऐकणार कोण? शिमोन जाऊन आता अकरा वर्षं झाली.

"मी आठ वर्षांचा होतो," देवदान म्हणाला. "बापाला मीच घास भरवायचो. डाव्या हातानं जेवायची लाज वाटायची त्याला. आणि आज आबाजी अंथरुणाला खिळला म्हणून त्याला प्रार्थना पाहिजे? इतकी वर्षं कुठे होता? एकदा वस्तीत येऊन म्हणाला का, शिमोन, चुकलं माझं?"

"नाही म्हणाला," बाई म्हणाल्या.

"मग मी का जाऊ? मी त्याच्या उशाशी गुडघे टेकू?"

खरं सांगतो, मी देवदानच्या बाजूनं होतो. मला वाटलं, शाब्बास रे पठ्ठ्या. आबाजीचं नाव काढलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"आणि वर गावात बोंब होईल ती वेगळीच," देवदान पुढे म्हणाला. "मरणाऱ्या म्हाताऱ्याला बाटवायला आला म्हणतील."

"बाटवायला..." बाई हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. "तिनं तुझ्याकडे बाप्तिस्मा मागितला?"

"नाही."

"काय मागितलं?"

"प्रार्थना."

"तेव्हा म्हणायचे, तुम्ही हात लावला तर विहीर बाटेल. आता म्हणतील, तू प्रार्थना केलीस तर आबाजी बाटेल. शब्द तोच. त्या शब्दाला तुझा बाप घाबरला नाही, आणि तू घाबरतोस?"

देवदानचा चेहरा लाल झाला.

"झालं बोलून?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग टेक गुडघे."

त्याला वाटलं, संपलं. बाई रागावल्या, आता हात ठेवतील. मलाही तसंच वाटलं. त्यानं टॉवेल अंथरला, गुडघे टेकले, डोळे मिटून मान खाली घातली.

बाईंनी हात ठेवला नाही.

"प्रभूची प्रार्थना म्हण."

"हे आमच्या..."

"थांब. आमच्या म्हणजे कुणाच्या?"

त्यानं डोळे उघडले. "म्हणजे?"

"मराठीत विचारतेय. कुणाच्या?"

"आपल्या... विश्वासणाऱ्यांच्या."

"पुन्हा म्हण."

"हे आमच्या..."

"कुणाच्या?"

"मंडळीच्या."

"मंडळीत कोण कोण?"

"तुम्ही. मी. हा सत्यवान."

"आणि तारा?"

त्यानं डोळे पुन्हा मिटले.

"पुन्हा म्हण."

"बाई, ही काय थट्टा लावलीय?" तो ताडकन उठला. "आमच्या म्हणजे सगळ्यांच्या! अख्ख्या जगाच्या! मला काय हे कळत नाही? तीन वर्षं तेच शिकलो मी. रविवारच्या माझ्या उपदेशाचा विषयच तो आहे, तारण सर्वांसाठी!"

"असं?"

"लिहून काढलाय. हा बघा." त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"मला दिसत नाही. वाच."

त्यानं घसा खाकरला आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. आवाज चांगला आहे त्याचा, भरदार. "प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या प्रभूनं तुम्हा सर्वांसाठी तारणाचं दार..."

"थांब."

तो थांबला.

"आमच्या प्रभूनं," बाई हळूहळू म्हणाल्या. "तुम्हा सर्वांसाठी."

"हो. त्यात काय चुकलं?"

"आमच्या प्रभूनं... तुम्हाला..." त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. भातातला खडा दाताखाली यावा तसा त्यांचा चेहरा झाला. "देवदान, आबाजीनं तुझ्या बापाला मारलं तेव्हा तो काय म्हणाला, ठाऊक आहे तुला?"

"शिव्या दिल्या असतील."

"एकही दिली नाही. मी दहा पावलांवर होते. एकच वाक्य म्हणाला. 'आमच्या विहिरीला हात लावतोस?'"

 माझ्या हातातलं सुंभ सैल पडलं.

"आमच्या," बाई म्हणाल्या. "तोच शब्द. त्याच सुरात. मला वाटलं होतं, तो मी पुन्हा ऐकणार नाही. काल तारानं येऊन ऐकवला, आणि आज तू वाचून दाखवलास."

"तुम्ही मला आबाजीच्या पंगतीला बसवताय?"

"बसवत नाही. बसलेला दिसतोस म्हणून सांगतेय."

 

"पाणी द्या," देवदान कसाबसा म्हणाला.

बाई भिंतीला धरून उठल्या. मी उठू लागलो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला बसवलं. माठापाशी गेल्या, तांब्या भरला आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यानं तांब्यासाठी हात पुढे केला.

"ओंजळ कर."

"काय?"

"ओंजळ."

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग सवयीनं, लहानपणी बाई सांगतील ते करायचा तसं, त्यानं दोन्ही हात जुळवले.

बाईंनी तांब्या खांद्याच्या वर नेला आणि ओतला.

 थोडं पाणी ओंजळीत पडलं. बाकीचं मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, नव्या सदऱ्यावर गेलं, टॉवेलवर गेलं. उपदेशाचा कागद त्यानं काखेत धरला होता. तो भिजून खाली पडला आणि शाई पसरली.

"बाई!" तो किंचाळला. "मी शिमोनचा मुलगा आहे!"

"ठाऊक आहे."

"माझ्या बापाला असं पाजायचे! असं! तुम्ही... तुम्ही मला..."

"राग आला?"

"येणार नाही?"

"यायलाच पाहिजे." बाईंनी रिकामा तांब्या खाली आदळला. "असं वाटतोस तू तुझं तारण. उंचावरून. भांड्याला भांडं लागू न देता. ताराला तर तेवढंही दिलं नाहीस."

 मला वाटलं, हा आता निघून जाणार आणि पुन्हा या ओसरीवर पाऊल ठेवणार नाही. मीही बाईंवर चिडलो होतो. इतकं करायची गरज नव्हती. काही गोष्टी गमतीतही करू नयेत, आणि शिकवायला म्हणून तर मुळीच नाही.

"तो आणि मी सारखे नाही," देवदान म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "त्याच्या हातात दांडकं होतं, बाई."

"होतं. तुझ्या हातात नाही. तू आणि तो सारखे नाहीत, आणि तसं म्हणणाऱ्याचं मी थोबाड फोडीन." बाई बाजेच्या कडेवर टेकल्या. सुंभ अर्धवट आवळलेलं होतं, पण त्यांना भान नव्हतं. "त्याच्यावरून मी देवाशी भांडते. तुझ्यावरून कुणाशी भांडू? तुला मीच शिकवलंय."



"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांचा होतास. रविवारच्या वर्गात उठून म्हणायचास, 'हे आपल्या स्वर्गातील पित्या.' सगळा वर्ग हसायचा. मी तुझ्या हातावर पट्टी मारली. आपल्या नाही, आमच्या. देवाशी बोलताना आमच्या म्हणायचं, नीट व्याकरण शीक."

देवदाननं आपल्या ओल्या तळहाताकडे पाहिलं.

"व्याकरण बरोबरच होतं रे," बाई म्हणाल्या. त्यांचा राग आता स्वतःवर वळला होता आणि तो बघवत नव्हता. "व्याकरण अगदी बरोबर होतं."

मी मान खाली घातली. ही हकिकत सांगायला लागल्यापासून मीही कितीदा 'आमच्या' म्हणालोय ते तुम्ही वर मोजून बघा.

"अजून एक तुला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी ओळीत पहिली घागर कुणाची होती?"

"कुणाची?"

"माझी. वस्तीत एक बाळंतीण तापानं फणफणली होती, तिच्यासाठी पाणी हवं होतं. मी तासन् तास बसले. मग शिमोनला म्हणाले, ऊठ, किती वेळ बसायचं? तो माझी घागर घेऊन उठला."

देवदान मटकन खाली बसला. टॉवेलवर नाही, सारवलेल्या जमिनीवर.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुठल्या तोंडानं बोलू? त्यानंही तुला कधी सांगितलं नाही, बघ." बाईंनी डोळे पुसले नाहीत. त्यांना रडू आलं नव्हतंच. "त्या दिवसापासून मी रोज आबाजीचं नाव घेऊन प्रार्थना करते."

"रोज? त्याच्यासाठी?" देवदाननं विचारलं. "म्हणजे तुम्ही त्याला क्षमा केलीत?"

"कोण म्हणालं? पहिली दोन वर्षं म्हणत होते, देवा, त्याचे हात झडू दे."

माझ्या तोंडून हसू फुटलं. बाईंनी डोळे वटारले. 

"मग?" देवदान म्हणाला.

"मग दमले. त्याचे हात काही झडेनात. तो आपला जत्रेत लेझीम खेळत होता. मग मी देवाला म्हणाले, तुला त्याचं काही करायचं नसेल तर नको करू. त्याला इथे आण. खाली, आपल्या वस्तीत. आपल्या दारात आण. त्याला काहीतरी मागू दे. एकदा तरी त्यानं मागावं आणि आपण द्यावं. चोवीस वर्षं रोज हेच म्हणतेय. शांतपणे एकदाही म्हटलं नाही. रागानंच म्हणते, दात खाऊन म्हणते."

त्या पुढे वाकल्या.

"आणि काल एक वाजता ते आलं, देवदान. चोवीस वर्षं मागितलेलं काल तुझ्या पायरीपाशी आलं होतं. अनवाणी! आणि तू त्याला परत पाठवलंस!"

शेवटचे शब्द त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले.

देवदाननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात अजून ओलेच होते.



"ती अजून काहीतरी सांगत होती," तो हातांआडूनच म्हणाला. "मी ऐकून घेतलं नाही. आत निघून गेलो."

"मी ऐकलं. तुझ्याकडून निघाली ती माझ्याकडे आली. दोन तांबे पाणी प्यायली. मग रडली, मग बोलली."

"काय म्हणाली?"

बाईंनी ताराचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "म्हणाली, 'बाई, मामंजींना आता धड बोलता येत न्हाई. जीभ जड झालीया. पर दिसरात येकच म्हनत्यात, शिमोनला पानी द्या. शिमोनला पानी द्या. घरातल्यांना वाटतंय भरमलेत. मला म्हाईत हाय ते कोन शिमोन. म्हनून त्यांच्या लेकाला बोलवाया आले.'"

 

 आबाजीसाठी माझ्या डोळ्यांत पाणी यावं, हे मला अजिबात मंजूर नव्हतं. मी सुंभाचा फेर इतका जोरात ओढला की तो तुटला.

"किती दिवस काढेल?" देवदाननं विचारलं.

"डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. आज आहे, उद्याचं सांगता येत नाही."

तो उठला. सदरा कोपरापर्यंत चिकटला होता. भिजलेला कागद त्यानं उचलला, एकदा उलगडून पाहिला आणि चुरगळून खिशात कोंबला.

"माझा राग जात नाही, बाई."

"कशाला जाऊ द्यायचा? घेऊन जा. इतक्या वर्षांनी त्या घरी चाललास, रिकाम्या हातानं जातोस काय?"

"त्याच्यासमोर तोंडातून काहीतरी निघेल."

"निघू दे. बापाची बोटं वळत नव्हती ते सांग. तू घास भरवायचास ते सांग. त्याला ऐकू येतं. मुलगा, सून, सगळे समोर असताना सांग. प्रार्थनेच्या आधी सांग, नंतर नको. मनात ठेवून गुडघे टेकशील तर ती प्रार्थना देवापर्यंत काय, आढ्यापर्यंत जायची नाही."

"आणि प्रार्थना कुठली म्हणू?"

"येते तेवढीच. दुसरी कुठली?"

"तो शब्द..."

"तो शब्द तोच ठेव. पण म्हणताना डोळे मिटायचे नाहीत. त्याच्याकडे बघ आणि मग म्हण."

देवदाननं मान हलवली. ओसरीच्या कडेला त्याच्या चपला होत्या. त्या घालता घालता तो थबकला.

"तुमचा हात, बाई? रविवारी..."

"आधी जाऊन ये."

"आणि तोवर तो गेला तर?"

"तर माझ्यापुढे टॉवेल घेऊन येऊ नकोस."

तो पायऱ्या उतरला. टॉवेल तिथेच ओला पडून होता. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. ऊन तसंच होतं. वरच्या आळीकडे जायचा रस्ता चर्चवरून जातो. तो मांडवाजवळ पोहोचला. मांडवाची सावली होती, पण तो थांबला नाही.

"देवदान!"

बाईंची हाक. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या छातीत एवढा आवाज कुठून येतो, मला ठाऊक नाही.

तो वळला.

"गेल्या गेल्या पाणी माग!"

तो उन्हात डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. तिथूनही मला त्याचा चेहरा दिसत होता. इतका चिडलेला आणि इतका घाबरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"त्यांच्याकडे?" त्यानं ओरडून विचारलं. "मी मागू?"

"तूच माग!"

"बरं, बाई."

"आणि हे बघ..."

तो थांबला.

"ओंजळ करायची नाही!"